नाणे खोटे की योगायोग खरा?

गतवर्षी क्रीडामहोत्सवाच्या दिवसांत आमच्या वर्गात एक खटला उभा राहिला. एका तुकडीच्या कर्णधाराने खो-खोच्या चार सामन्यांत चारही वेळा नाणेफेक जिंकली. प्रत्येक वेळी नाणे त्याच्याच खिशातले आणि मागणी 'छापा' हीच. विरुद्ध पक्षाच्या मुलांनी मधल्या सुटीत ते नाणे शंभर वेळा उडवले. छापा साठ वेळा पडला. "सर, नाणे खोटे आहे!" असा गिल्ला करीत ती मुले आमच्यापुढे आली, मागोमाग तो कर्णधार आला, तो डोळे पुसतच.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवतो. संख्याशास्त्राची भाषा आम्हांस तिसरीच. परंतु न्यायासन आमच्याकडे आले असल्यामुळे निकाल आठ दिवस राखून ठेवला आणि एका गणितज्ञ स्नेह्याकडे शिकवणी धरली. तिथे जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

न्यायालयात आरोपी निर्दोष आहे असे धरूनच कामकाज सुरू होते. संख्याशास्त्रातही तसेच. 'नाणे निर्दोष आहे, साठ हा आकडा केवळ योगायोग आहे,' हे प्रथम गृहीत धरावयाचे. यास शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारावयाचे की, हे खरे असेल तर इतका किंवा याहून मोठा फरक पडणे कितपत संभवनीय आहे?

निर्दोष नाण्याचे शंभर फेकींत पन्नास छापे अपेक्षित. पण बरोबर पन्नास क्वचितच पडतात. आकडा मागेपुढे हेलकावतो. हा हेलकावा मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. नाण्यासाठी ते काढणे सोपे आहे: फेकींची संख्या, छाप्याची संभाव्यता आणि काट्याची संभाव्यता यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे. शंभर गुणिले अर्धा गुणिले अर्धा म्हणजे २५. त्याचे वर्गमूळ ५. आता प्रत्यक्ष आकड्यातून अपेक्षित आकडा वजा करून या पाचाने भागावे. साठ वजा पन्नास, भागिले पाच, म्हणजे २. हाच झेड-गुणांक. फरक किती 'हेलकाव्यां'इतका आहे, एवढेच तो सांगतो.

फेकी पुष्कळ असल्या म्हणजे निर्दोष नाण्याचा झेड शंभरांपैकी सुमारे ९५ वेळा उणे १.९६ ते अधिक १.९६ यांच्या दरम्यान राहतो. त्याबाहेर गेला तर शून्य परिकल्पना नाकारावी असा प्रघात आहे. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे तो रूढ झाला. शेकडा पाचाची ही रेषा ईश्वरदत्त नव्हे. माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. आमचा झेड २, म्हणजे रेषेच्या जेमतेम पलीकडे. मुले टाळ्या पिटू लागली.

इथे आमच्या स्नेह्याने हात वर केला. झेडचे कोष्टक सलग वक्रावर बेतलेले, आणि छापे तर पूर्णांकांतच मोजले जातात. शंभर फेकींच्या सर्व शक्यता एकेक करून मोजल्या, तर साठ किंवा अधिक, अथवा चाळीस किंवा कमी छापे पडण्याची संभाव्यता शेकडा ५.७ निघते. म्हणजे रेषेच्या अलीकडेच! अर्ध्या छाप्याची सूट देऊन साठाऐवजी ५९.५ धरले की झेडही १.९ होतो. केसाएवढ्या फरकाने निकाल फिरावा, आणि त्यावर एखाद्या मुलाला लबाड ठरवावे? आम्हांस ते रुचेना.

मग काय करावे? फेकी वाढवाव्यात. याचे एक नामांकित उदाहरण आहे. जॉन केरिक हे दक्षिण आफ्रिकेतील गणिताचे अध्यापक. १९४० साली जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापले तेव्हा ते तिथे अडकले व स्थानबद्ध झाले. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी एक नाणे दहा हजार वेळा उडविले. छापे पडले ५,०६७. प्रमाण विचलन ५०, फरक ६७, झेड १.३४. निर्दोष नाणेही शंभरांत सुमारे अठरा वेळा एवढे किंवा याहून अधिक भरकटेल. आरोप टिकत नाही.

याच्या उलट वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रयोगात बारा फासे २६,३०६ वेळा टाकले गेले, म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे. पाच किंवा सहा पडण्याची अपेक्षा १,०५,२२४ होती, पडले १,०६,६०२. प्रमाण विचलन सुमारे २६५, झेड ५.२. निर्दोष फाशांकडून असे घडणे पन्नास लाखांत एखाद्या वेळचे. वास्तविक शंभर फाशांमागे फरक अर्ध्याहूनही कमी. आमच्या नाण्याचा तर शंभरामागे दहाचा होता! तरी फासे दोषी आणि नाणे संशयित, कारण पुराव्याचा ढीग तिकडे मोठा. ठिपके कोरताना पाच-सहाची बाजू हलकी होते व वर येते, असे एक कारण सांगितले जाते.

एक गैरसमज मात्र आम्हांसही बराच काळ छळीत होता. शेकडा पाच म्हणजे 'नाणे निर्दोष असण्याची शक्यता शेकडा पाच' असे नव्हे. नाणे निर्दोष धरून तो आकडा काढलेला आहे. वर्गातील निर्दोष नाणीही एकेक तपासली, तर विसांत एखादे सहज पकडले जाईल.

शेवटी आम्ही ठरविले की, नव्याने चारशे फेकी करावयाच्या. संख्या आधीच मुक्रर, मध्येच थांबणे नाही, जुने साठ छापे हिशेबात नाहीत. चार मुलांनी फेकी केल्या, दोघांनी फळ्यावर खुणा मांडल्या. छापे आले २०६. प्रमाण विचलन १०, झेड ०.६.

निकाल वाचून दाखवताच फिर्यादी मुलांपैकी एकाने पुढे होऊन नाणे कर्णधाराच्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशी केली तेव्हा ते त्याच्याजवळ नव्हते; दोघांनी मिळून त्याचे चणे खाल्ले होते.