गेम तयार झाला, पण कन्सोलवर न्यायचा खर्च कोण करणार?

आपल्या हॉस्टेलवर रात्री दोनलाही ज्या खोल्यांत दिवे चालू असतात, तिथे सगळेच सबमिशन लिहीत नसतात. काही जण गेम खेळतात, आणि काही जण चक्क गेम बनवतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. "पीसीवर चालतोय ना, मग प्लेस्टेशनवर पण टाकू की!" हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण त्यामागचा हिशोब आधी समजून घेतलेला बरा.

पोर्टिंग म्हणजे काय?

एका यंत्रासाठी लिहिलेला गेम दुसऱ्या यंत्रावर नीट चालेल असा करणे म्हणजे पोर्टिंग. युनिटी, अनरियल ही इंजिन्स त्यातलं बरंच काम करतात, पण सगळं नाही. उदाहरणार्थ, २०१७ साली आलेल्या निन्टेन्डो स्विचमध्ये मेमरी फक्त ४ जीबी. मग टेक्स्चर लहान करा, सावल्या कमी करा, फ्रेम रेट सांभाळा. यात महिने जातात, आणि महिने म्हणजे पगार!

खर्च कुठे कुठे येतो?

१) प्रवेश : स्टीमवर १०० डॉलर भरले की गेम टाकता येतो. कन्सोलसाठी मात्र कंपनीची मंजुरी, गुप्ततेचा करार आणि डेव्ह किट नावाचं खास यंत्र लागतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने छोट्या डेव्हलपर्ससाठी योजना आणून दोन किट फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा हा भार थोडा हलका झाला. गुप्ततेच्या याच अटीमुळे गोडोसारख्या मुक्त इंजिनात कन्सोलचा कोड उघडपणे ठेवता येत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

२) तपासणी : खेळताना कंट्रोलर बंद पडला तर गेम थांबतो का, बटणांची नावं बरोबर आहेत का, हे सगळं कंपनी तपासते. नापास झालात तर दुरुस्त करून पुन्हा रांगेत. आपल्या एटीकेटीसारखंच म्हणा ना! २०१२ मध्ये 'फेझ' या गेमच्या एका पॅचमुळे काही थोड्या खेळाडूंच्या सेव्ह फाइल बिघडत होत्या. एक्सबॉक्स ३६० वर पुन्हा पॅच द्यायचा तर हजारो डॉलर भरावे लागणार होते, म्हणून निर्मात्यांनी तो दिलाच नाही. पुढे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे शुल्क काढून टाकलं.

३) कमिशन : प्रत्येक विक्रीतले साधारण ३० टक्के दुकानाचे.

एक छोटं गणित

समजा, चार जण सहा महिने पोर्टिंग करतात आणि प्रत्येकाला महिना ४०,००० रुपये मिळतात. खर्च झाला ९,६०,००० रुपये. गेमची किंमत ८०० धरली तर कमिशन जाऊन ५६० उरतात. म्हणजे नुसता खर्च भरून निघायला सुमारे १,७१५ प्रती विकल्या पाहिजेत. पब्लिशरने उरलेल्यातलं निम्मं घेतलं, तर हाच आकडा ३,४२९. आणि सगळी विक्री सेलमध्ये निम्म्या किमतीत झाली, तर ६,८५८! यात कर आणि जाहिरात धरलेलीच नाही.

पुण्याचं उदाहरण

आपल्या कुंभिवलीहून एक्स्प्रेस-वेने पुणे काही लांब नाही. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' बनवला. २०१७ मधली त्यांची किकस्टार्टर मोहीम अयशस्वी ठरली. काम चालू ठेवण्यासाठी एका सहसंस्थापकाला राहता फ्लॅट विकावा लागला. पुढे पब्लिशर मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आधी फक्त स्विचवर आला, आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. कौतुक तर करूच, पण त्या फ्लॅटची किंमतही लक्षात ठेवू.

मग करायचं काय?

पहिल्याच दिवसापासून कंट्रोलरवर खेळून बघा. कमी मेमरीचं बंधन स्वतःहून घालून घ्या. आधी पीसीवर विका, मागणी दिसली तरच एक कन्सोल निवडा, चारही एकदम नकोत. आणि पब्लिशरच्या करारात 'पोर्टिंगचा खर्च आधी वसूल होईल' असं कलम असेल, तर सही करण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला नक्की दाखवा. कारण त्याचा अर्थ असा, की गेम विकला जात असतानाही बरेच महिने तुमच्या हातात एक रुपयाही येणार नाही. तेवढे महिने घर कसं चालणार, याचं उत्तर तयार असेल तर खुशाल उतरा मैदानात!