व्याख्यान फुकट, पण दिवस कितीला पडतो?

धोरणांवरच्या चर्चा, अर्थसंकल्पाची चिरफाड, शेतीमालाच्या भावावरचे परिसंवाद मुख्यतः पुण्या-मुंबईत होतात. तुम्ही साताऱ्यात, कराडात नाही तर सांगलीत. निमंत्रणावर ‘प्रवेश विनामूल्य’ असतं. खर्च उरलेल्या दिवसात असतो, तो घरून निघण्याआधीच मांडा.

पहिलं ठिकाण पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, बीएमसीसी रस्ता, डेक्कन जिमखान्याजवळ. 1930 साली ती उभी राहिली ती साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीवर, त्यामुळे तिथे जाताना सातारकराने बुजायचं कारण नाही. त्यांच्याच नावाने काळे स्मृती व्याख्यान होतं. 1939 साली हे व्याख्यान डॉ. आंबेडकरांनी दिलं होतं, विषय होता संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य. व्याख्यानाला तिकीट नसतं. मात्र तारीख, वेळ, सभागृह आणि भाषा ही चार उत्तरं फोन करून घ्या. भाषेची चौकशी बरेच जण विसरतात आणि मग दोन तास इंग्रजी ऐकून येतात.

आता वाटखर्च. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीत साध्या लालपरीचा दर 6 किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे झाला. सातारा ते स्वारगेट साधारण 110 किलोमीटर, म्हणजे एकेरी 190 रुपयांच्या आसपास. कराडहून पावणेतीनशे, सांगलीहून चारशेच्या घरात. शिवशाहीला याहून जास्त. आरक्षण केलंत तर त्याचं शुल्क वेगळं. दर पुन्हा वाढले असतील तर हाच हिशेब नव्या दराने करा.

सवलती सांगून घ्याव्या लागतात. महिलांना एसटीत निम्मं तिकीट, वय कितीही असो. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं. 75 वर्षं पूर्ण झाली असतील तर प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड खिशातच ठेवावं, डब्याच्या पिशवीच्या तळाशी नको; वाहक थांबत नाही. आरक्षणाच्या शुल्कात सूट नसते आणि ही सवलत एसटीची आहे, पुण्याच्या शहर बसमध्ये तसं मागू नका.

स्वारगेटला उतरलात की रिक्षावाले घेरतील. मीटरने चला म्हणा. मान डोलली नाही तर सरळ मेट्रोत उतरा: स्वारगेटहून जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून डेक्कन जिमखाना, पुढे पंधरा-वीस मिनिटं पायी. पुणे मेट्रोचं तिकीट 10 रुपयांपासून सुरू होतं. गुडघे दुखत असतील तर शेवटच्या टप्प्यापुरती रिक्षा करा.

स्वतःच्या गाडीने निघालात तर साताऱ्याहून आनेवाडी आणि खेड शिवापूर हे दोन टोलनाके, कराड-सांगलीकरांना त्याआधी तासवडेही. 24 तासांत परतलात तर परतीच्या टोलवर सूट मिळते, फास्टॅगमधून ती आपोआप वळती होते. फास्टॅग नसेल आणि रोख भरलीत तर दुप्पट. चौघं मिळून जात असाल तरच गाडी परवडते. एकट्याने गाडी काढून पार्किंग शोधत अर्धं व्याख्यान घालवणारे मी पाहिले आहेत.

वेळेचा हिशेब पैशापेक्षा महत्त्वाचा. सहाची सभा साडेसहाला सुरू होते, प्रश्नोत्तरं धरून साडेआठ होतात. सातारकर त्याच रात्री घरी पोहोचतो. सांगलीकराने बस धरली तर घरी यायला अडीच-तीन वाजतात. त्याच्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेस बरी: मध्यरात्रीच्या सुमारास पुणे, पहाटे सांगली-मिरज. फक्त तिकिटाची तारीख नीट बघा. गाडी बारानंतरची असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची लागते, आणि या एका चुकीपायी पूर्ण तिकीट वाया जातं.

मुंबईच्या कार्यक्रमालाही हीच गाडी. रात्री निघा, सकाळी सीएसएमटी. मंत्रालयाजवळचं यशवंतराव चव्हाण केंद्र तिथून फार लांब नाही. परतीची गाडी रात्री साडेआठच्या सुमारास सुटते, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो, पण सातची सभा असेल तर गाडी हुकलीच म्हणा. आणि सातारकरांनो, सातारा स्टेशन माहुलीला आहे, गावात नाही. पहाटेची रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा, भाडंही तेव्हाच ठरवा.

आता खरा सापळा. व्याख्यान मोफत असतं, ‘परिषद’ नसते. प्रतिनिधी शुल्क हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा: रक्कम करासह आहे का (18 टक्के जीएसटी बहुतेकदा शेवटच्या पानावर उगवतो), जेवण धरलं आहे का, आणि येता आलं नाही तर पैसे परत मिळतील का. प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले तर नको म्हणा. धोरणावरची चर्चा ऐकल्याचं प्रमाणपत्र कुठल्याही नोकरीत कामाला येत नाही. नावनोंदणीला नाव, फोन आणि ईमेल पुरतात. आधार किंवा पॅनचा फोटो मागणाऱ्या अर्जाला तो देऊ नका. दारावर ओळखपत्र दाखवायला सांगितलं तर दाखवा, प्रत देऊ नका.

मुख्य शॉर्टकट असा: आयोजकांना विचारा, थेट प्रक्षेपण आहे का? असेल आणि तुम्हाला फक्त ऐकायचं असेल तर घरी बसा, सांगलीकराचे तर आठशे रुपये वाचतील. प्रश्न विचारायचा असेल, वक्त्याला गाठायचं असेल तरच जा. आणि गेलात तर प्रश्न कागदावर दोन ओळींत लिहून न्या. ‘मला प्रश्न नाही, एक निवेदन करायचं आहे’ म्हणणाऱ्याकडून सभागृह माइक काढून घेतं, आणि योग्यच करतं.

जुनी काळे व्याख्यानं वाचायची असतील तर संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघा. आंबेडकरांचं भाषण राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडातही आहे. गावच्या वाचनालयात आधी विचारा, विकत नंतर घ्या.

आणि मे महिन्यात पुण्याला निघण्याआधी वाईची वसंत व्याख्यानमाला बघून घ्या. लोकमान्य टिळक स्मारक संस्था ती भरवते. साताऱ्याहून वाई तासाभराची वाट. संध्याकाळी जाऊन रात्री जेवायला घरी.