करवत गिरणीतील गाडा आणि त्याची चाल

लाकूड कापण्याच्या गिरणीत गेलेल्या माणसाची नजर प्रथम खिळते ती गरगर फिरणाऱ्या चकतीवर. तिचा कर्कश आवाज, दात्यांतून उडणारा भुसा आणि क्षणात दुभंगणारा ओंडका यांमुळे गिरणी म्हणजे करवत, अशी समजूत सहज होऊन बसते. प्रत्यक्षात फळी सरळ निघाली की वाकडी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाली की सर्वत्र सारखी, हे पुष्कळ अंशी त्या ओंडक्याला करवतीपुढे आणणाऱ्या गाड्यावर अवलंबून असते. करवतीजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या बोटांची सुरक्षितताही बऱ्याच वेळा याच गाड्याच्या हाती असते. गावोगावच्या गिरण्यांतून या भागाकडे जितके लक्ष दिले जावयास हवे तितके दिले जात नाही, म्हणून त्याची माहिती येथे थोडी विस्ताराने दिली आहे.

वर्तुळाकार करवतीच्या गिरणीत करवत एकाच जागी फिरते आणि ओंडका पुढे सरकतो. रुळांवर चालणारी एक लांब, लाकडी अथवा लोखंडी चौकट असते. तिलाच गाडा किंवा बोलीभाषेत ट्रॉली म्हणतात. तिच्यावर दोन किंवा तीन आडवे ठोकळे आणि त्यांवर काटकोनात उभे राहणारे आधार असतात. ओंडका या आधारांना टेकवून लोखंडी आकड्यांनी पक्का धरला जातो. एक फळी निघाली की गाडा मागे येतो, आधार ठरावीक अंतराने करवतीकडे सरकवितात आणि पुढचा काप सुरू होतो. हे अंतर केवळ फळीच्या जाडीएवढे नसते. फळी २५ मिलिमीटर हवी असेल आणि करवतीची चीर ६ मिलिमीटर असेल, तर आधार ३१ मिलिमीटर सरकवावे लागतात. म्हणजे लाकडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भुशात जातो. पट्ट्याच्या करवतीची चीर याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. वर्तुळाकार करवतीचा हा उणेपणा मान्यच केला पाहिजे. परंतु गाड्याची चाल बिघडली तर नुकसान येथेच थांबत नाही. फळी जाड-पातळ निघू लागली की गिरणीवाला सावधगिरी म्हणून २५ ऐवजी २८ मिलिमीटरची फळी काढतो आणि जादा लाकूड सुताराच्या रंध्याखाली जाते. मग ३४ मिलिमीटर लाकडातून २५ मिलिमीटर उपयोगी पडतात. शंभरातील ८० भागांऐवजी जेमतेम ७३ भाग हाती येतात. सागवानासारख्या मोलाच्या लाकडाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दात्याचा घास

गाडा किती वेगाने पुढे जावा, हा या विषयाचा गाभा आहे. या वेगाला गिरणीत ‘फीड’ असाच शब्द रूढ आहे. करवतीचा प्रत्येक दाता ओंडक्याचा एक लहानसा घास घेतो. या घासाची जाडी, दात्यांची संख्या आणि चकतीचे दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार म्हणजे फीड. उदाहरणार्थ, १२० सेंटिमीटर व्यासाची, ४० दात्यांची चकती मिनिटाला ६०० फेरे घेत असेल आणि प्रत्येक दाता २ मिलिमीटरचा घास घेत असेल, तर एका फेऱ्यात ओंडका ८० मिलिमीटर आणि मिनिटात ४८ मीटर पुढे गेला पाहिजे. तीन मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने चार सेकंदांच्या आत कापून होतो. शाळेत गुणाकार शिकविताना हे उदाहरण द्यावयास हरकत नाही. मुले ते विसरणार नाहीत.

गाडा हळू चालविला की काम सुबक होते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. दात्याला पुरेसा घास मिळाला नाही तर तो लाकूड कापण्याऐवजी खरवडतो. त्यातून पिठासारखा बारीक भुसा निघतो. जाडसर भुसा दात्यांमधील खाचेत बसून बाहेर फेकला जातो. हे पीठ मात्र खाचेतून निसटून चकतीची बाजू आणि लाकूड यांच्या फटीत शिरते. घर्षणाने चकतीचा काठ तापतो, तापल्याने प्रसरण पावतो आणि मध्यभाग थंडच राहिल्याने काठाला लाटा पडतात. अशी चकती सरळ रेषा सोडून सापासारखी वळत कापते. पुष्कळदा हा दोष करवतीच्या माथी मारला जातो, चकती ठोकून घेण्यासाठी शहरात पाठविली जाते आणि परत आल्यावर पुन्हा तोच अनुभव येतो, कारण दोष गाड्याच्या चालीत असतो.

उलट फीड फार झाले तर खाच भरून वाहू लागते. ३० सेंटिमीटर खोलीच्या कापात २ मिलिमीटरचा घास घेणारा दाता एका खेपेस ६०० चौरस मिलिमीटर घन लाकूड उचलतो. सुटे झाल्यावर ते बरीच अधिक जागा व्यापते. ते मावले नाही तर चकती अडखळते, पट्टा घसरतो, फेरे कमी होतात. चकती एका ठरावीक वेगासाठी ठोकून ताणलेली असते. वेग उतरला की तो ताण बिघडतो आणि ती डगमगू लागते. शिवाय खोल कापात अशी गती लहान मोटरला पेलणारीही नसते. कमी अश्वशक्तीच्या गिरणीने यासाठी घास लहान करणे हा उपाय नव्हे. तेथे दात्यांची संख्याच कमी असलेली चकती वापरावी आणि प्रत्येक दात्याला त्याचा पुरता घास मिळू द्यावा, हे अधिक शहाणपणाचे. लाकडाची जातही पाहावी लागते. ऐन किंवा बाभूळ यांसारख्या कठीण लाकडास आंब्याच्या लाकडापेक्षा लहान घास लागतो. सागवान कापावयास फार कठीण नसले तरी त्यातील वाळूसारख्या सिलिकामुळे दाते लवकर बोथट होतात, आणि बोथट दात्यापुढे कोणतेही फीड योग्य ठरत नाही.

याचाच अर्थ असा की, गाडा चालविणारी यंत्रणा क्षणोक्षणी कमी-अधिक करता आली पाहिजे. गाठ आली की मंद, साफ लाकूड आले की जलद. आणि हात सोडला की जागच्या जागी थांबणारी.

हाताने ढकलणे

सर्वांत साधी रीत म्हणजे माणसांनी गाडा ढकलणे. लहान गिरण्यांतून ती चालते. तिला भांडवल लागत नाही आणि अनुभवी माणसाला करवतीचा आवाज ऐकून जोर कमी-जास्त करता येतो, हा तिचा गुण. परंतु माणूस थकतो. सकाळचे फीड आणि दुपारचे फीड सारखे राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ढकलणारा पूर्ण भार गाड्यावर टाकून उभा असतो. काप अचानक संपला किंवा ओंडका सुटला, तर तो त्याच वेगाने पुढे, करवतीच्या दिशेला झेपावतो. ढकलण्याची जागा करवतीच्या रेषेपासून बाजूला आणि दांडा पुरेसा लांब असावा, ही काळजी फुकट घेता येते. तरीही ती सर्वत्र घेतली जात नाही.

घर्षण-चाकांची यंत्रणा

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या, एका रानातून दुसऱ्या रानात हलविता येणाऱ्या वर्तुळाकार करवतीच्या गिरण्या मोठ्या प्रमाणावर पसरल्या. पेनसिल्व्हेनियातील वेन्सबरो येथील फ्रिक, व्हरमाँटमधील माँटपीलियर येथील लेन यांसारख्या कारखान्यांनी त्या तयार केल्या. अशा शेतकरी-गिरण्यांत जी फीड-यंत्रणा विशेष लोकप्रिय झाली ती घर्षण-चाकांची. तिचे तत्त्व आपल्याकडे सायकलच्या डायनॅमोत पाहावयास मिळते: टायरला टेकविले की डायनॅमोचे चाक फिरते, दूर केले की थांबते.

गिरणीत करवतीच्या दांड्यावरून पट्ट्याने एक लहान चाक सतत फिरत ठेवलेले असते. त्याच्याजवळ एक मोठे बिडाचे चाक असते आणि या मोठ्या चाकाच्या दांड्यावर दोर गुंडाळण्याचे पिंप. करवत्याने हातातील दांडा एका बाजूस ओढला की लहान चाक मोठ्यास टेकते आणि गाडा पुढे जातो. दांडा उलट बाजूस नेला की दुसरे घर्षण-चाक टेकून पिंप उलट फिरते आणि गाडा मागे येतो. मधल्या स्थितीत कोणतेच चाक टेकत नाही. मागे येताना लाकूड कापावयाचे नसल्याने ही परतीची चाल पुढच्या चालीपेक्षा कितीतरी जलद ठेवतात. दिवसभरातील खेपांचा विचार केला तर गिरणीचे उत्पन्न या परतीच्या वेळेवरही बरेच अवलंबून असते.

या रचनेतील एक बारकावा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. लहान, फिरविणारे चाक दाबून घट्ट केलेल्या कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या थरांचे करतात. मोठे, फिरविले जाणारे चाक मात्र बिडाचे. मऊ चाक कोणते आणि कठीण कोणते, हा मनमानीचा प्रश्न नाही. ओंडका अडला की मोठे चाक थांबते आणि लहान चाक त्यावर घसरत फिरत राहते. फिरणारे चाक मऊ असेल तर त्याची झीज सर्व बाजूंनी सारखी होते आणि ते गोलच राहते. उलट थांबलेले चाक मऊ असते, तर एकाच ठिकाणी घासून त्याला खळगा पडला असता आणि पुढे प्रत्येक फेऱ्यात गाड्याला हिसका बसला असता. दुरुस्तीच्या वेळी हाती येईल ते चाक बसविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

घर्षण-चाकांचा मोठा गुण म्हणजे दाब कमी-अधिक करून वेग हवा तसा राखता येतो आणि अडथळा आला तर काही मोडण्याऐवजी चाक घसरते. दोष हा की, पावसाळ्यातील दमट हवा किंवा तेलाचा एखादा थेंब यांमुळे पकड जाते. कोकणासारख्या प्रदेशात ही यंत्रणा पत्र्याच्या आवरणाखाली कोरडी ठेवावीच लागेल.

दोर, दंतपट्टी आणि तेलाचा दाब

पिंपापासून गाड्यापर्यंत चाल पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तारेच्या दोराचा. दोराचे काही वेढे पिंपावर घेऊन त्याची दोन टोके रुळांच्या दोन्ही अंतांवरील कप्प्यांवरून गाड्याच्या दोन टोकांस बांधतात. रहाटावर दोर पाहिलेल्या कोणासही ही मांडणी कळते. रूळ हवे तितके लांब करता येतात, हा तिचा फायदा. दोराच्या तारा मात्र तुटू लागतात; तुटलेल्या तारांची टोके वर आलेली दिसली की दोर बदलणे हाच मार्ग. दुसरा मार्ग दंतपट्टीचा. गाड्याखाली दाते असलेली लोखंडी पट्टी आणि तिच्यात अडकलेले दंतचक्र. यात घसरण नसल्याने चाल पक्की मिळते. पण दात्यांत भुसा साचून घट्ट बसतो, झीज झाली की चालीत ढिलाई येते आणि ओंडका अडला तर दाता मोडण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील प्रचंड गिरण्यांनी वाफेचा लांबलचक सिलिंडर वापरून त्याचा दट्ट्या थेट गाड्याला जोडला. गाडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटे, आणि त्यावर स्वार होऊन ओंडका धरणाऱ्या माणसांना स्वतःलाच घट्ट धरून राहावे लागे. ती पद्धत आता इतिहासजमा झाली. पुढे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोटरी आल्या. यात पंपाने दिलेल्या तेलाचे प्रमाण बदलून गाड्याचा वेग शून्यापासून कमालीपर्यंत अखंड बदलता येतो आणि दिशाही त्याच दांड्याने पालटते. नवीन गिरणीसाठी ही सर्वांत समाधानकारक यंत्रणा होय. मात्र तेल स्वच्छ ठेवण्याची शिस्त नसेल आणि जवळपास जाणकार कारागीर नसेल, तर कागदी चाकाची जुनी यंत्रणाच अधिक काळ साथ देईल.

पाहणी करताना

महाराष्ट्रात गिरणी चालविण्याचा प्रश्न वनसंरक्षणाशी निगडित आहे. गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून करवत गिरण्यांवर कडक नियंत्रण आले आणि २०१६ मध्ये केंद्र शासनाने काष्ठाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून परवान्यांचा विचार राज्यस्तरीय समित्यांकडे सोपविला. परवाना असणे आणि यंत्र निर्धोक असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजमंदिराचे छप्पर किंवा शाळेची बाके यांसाठी गावचे लाकूड कापावयास देणाऱ्या पंचायत सदस्यांनाही काही गोष्टी सहज पाहता येतात.

करवत फिरत असताना दांडा मधल्या स्थितीत ठेवून गाडा जागचा हलतो काय, हे पहिले पाहावे. रूळ समपातळीत नसतील किंवा घर्षण-चाक किंचित टेकत असेल, तर गाडा आपोआप करवतीकडे सरकू लागतो आणि त्याच वेळी एखादा कामगार ओंडक्याचे आकडे बसवीत असतो. दांडा मधल्या स्थितीत अडकवून ठेवणारी खिटी असलीच पाहिजे. ओंडका फिरविताना ती लावलेली आहे की खुंटीला टांगलेली आहे, हेही पाहावे. रुळांच्या दोन्ही टोकांस भक्कम अटकाव हवेत. पिंप, दोर आणि कप्पे यांवर जाळी हवी, कारण धोतराचा सोगा किंवा गळ्यातील उपरणे प्रथम तेथेच अडकते. चकतीच्या मागे, तिच्या अगदी लगत, चीर उघडी ठेवणारे पोलादी पाते असावे. ते नसेल तर चीर मिटून चकतीला पकडते आणि फळी मागे फेकली जाते. भुसा झाडण्यासाठी कोणी चालत्या गाड्याखाली हात घालीत असेल, तर गिरणी तेथेच थांबवावयास सांगावी.

राहिला भुसा. तो मुठीत घेऊन पाहावा. दाणेदार असेल तर दात्याला त्याचा घास मिळत आहे. पिठासारखा आणि गरम लागत असेल, तर फळ्या मोजून घेण्यापूर्वी दोन्ही टोकांची जाडी पट्टीने तपासून घ्यावी.