घरबसल्या कामाचा मेसेज आला? पैसा कुठून कुठे जातो ते पाहा



धानाची रोवणी आटोपली की हाताला काम कमी आणि खताची उधारी डोक्यावर. जोडकमाई शोधणे रास्तच आहे. नेमका अशा वेळी मोबाईलवर मेसेज येतो : "घरबसल्या रोज २,००० रुपये कमवा, फक्त व्हिडिओ लाईक करा."

*एकच कसोटी लावा.* आपल्या जिल्ह्यात घरबसल्या काम नवीन नाही. विड्या वळणाऱ्या बायांना ठेकेदार पाने-तंबाखू देतो, त्या वळून देतात, हजारी हिशेबाने मजुरी मिळते. मजुरी थोडी, खराब विड्यांचे पैसेही कापतात. पण पैसा ठेकेदाराकडून मजुराकडे येतो. *जिथे काम करणाऱ्यालाच आधी पैसे भरावे लागतात, ते काम नाही, फसवणूक आहे.*

*फसवतात कसे?*
१) लाईक केल्यावर पहिल्या दिवशी १५०-२०० रुपये खरंच जमा होतात. हा गळाला लावलेला दाणा.
२) मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात. तिथे "मला पैसे मिळाले" म्हणणारे त्यांचेच लोक असतात.
३) "१,००० भरा, १,३०० घ्या." एकदा परत देतात, मग रक्कम वाढवत नेतात.
४) अ‍ॅपवर नफा दिसतो, पण काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा". दिलेले पैसे गेलेच समजा, आणखी भरू नका.

पेन्सिल पॅकिंगची "नोंदणी फी" हाही तोच प्रकार. डेटा एन्ट्रीत तर चुका दाखवून वकिलाची खोटी नोटीस पाठवतात. घाबरून पैसे देऊ नका, नोटीस पोलिसांना दाखवा.

*खाते भाड्याने देऊ नका.* "तुमचे खाते वापरू द्या, कमिशन देतो" म्हणणारा त्यात दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे फिरवतो. तक्रार झाली की खाते गोठते. मग आधारभूत केंद्रावर विकलेल्या धानाचे पैसेही त्यातच अडकतात, आणि चौकशी तुमच्या दारात येते.

६ डिसेंबर २०२३ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा फसव्या कामांच्या १०० हून जास्त वेबसाइट बंद केल्याचे जाहीर केले. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे त्यांचे सावज होते. वेबसाइटचे नाव बदलते, पद्धत तीच राहते.

*पैसे गेले तर :*
✅ लगेच *१९३०* वर फोन करा, बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.
✅ व्यवहार क्रमांक, नंबर, स्क्रीनशॉट जपून ठेवा. चॅट मिटवू नका.
✅ जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

लक्षात ठेवा, पैसे *घ्यायला* यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

घरात पोराने किंवा सुनेने "माझे पैसे गेले" सांगितले तर आधी रागावू नका. रागाच्या भीतीने माणूस चार दिवस गप्प बसतो, अन् तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो. आधी १९३० लावा, बोलणं नंतर.

शंका असेल तर पैसे पाठवण्याआधी मेसेज आपल्या गटप्रमुखाला दाखवा. विचारायला लाज नको.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. भंडारा