पुसून न जाणारा डाग

तीस वर्षे मामलेदार कचेरीतील दफ्तरे चाळण्यात घालवल्यावर, निवृत्तीची रक्कम हाती पडताच मी जी एकमेव चैन केली ती साडेचार इंची आरशाच्या दुर्बिणीची. आणि सातबाऱ्यावरील साधी खाडाखोडही ज्याच्या नजरेतून सुटत नसे अशा माणसाने दुर्बिणीच्या खोक्यावर ठसठशीत छापलेल्या ‘६७५ पट’ या आकड्याची मात्र तिळमात्र शहानिशा केली नाही. वास्तविक हिशेब सोपा होता. आरशाचे नाभ्यंतर ९०० मिलिमीटर. त्यास नेत्रिकेच्या नाभ्यंतराने भागले की ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेने २२५ पट निघते, आणि मध्ये तिपटीचे भिंग खुपसले की कागदोपत्री ६७५. परंतु आरशाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुपटीपलीकडे, म्हणजे माझ्या ११४ मिलिमीटरच्या आरशास सुमारे २२८ पटींपलीकडे, प्रतिमा नुसती फुगते, तिच्यात नवे काही दिसत नाही. आणि दीर्घिका पाहू इच्छिणाऱ्यास तर तेवढीही पट नकोच असते, हे मला फार उशिरा उमगले.

मला पाहावयाची होती ती देवयानीतील दीर्घिका. छायाचित्रांतील तिचे निळसर, पिळदार वैभव डोळ्यांत साठवून कार्तिकातील एका रात्री साताऱ्यातील आमच्या परसात, तुळशीवृंदावनामागच्या फरशीवर, मी दुर्बीण मांडली. वाट नकाशावरून पाठ केली होती: भाद्रपदांच्या चौकोनातील ईशान्य कोपऱ्याचा तारा, तेथून ओळीने पुढचा दुसरा, मग शर्मिष्ठेच्या दिशेस वळून दोन मंद ताऱ्यांच्या पायऱ्या, आणि वरच्या पायरीलगत ती. (पुराणात या दोघींचे हाडवैर, आकाशात मात्र देवयानीच्या घराची वाट शर्मिष्ठेच्या बाजूनेच काढावी लागते.) पायऱ्या सापडल्या. वरच्या पायरीलगत होता एक राखाडी, लांबट, कडा नसलेला डाग, भिंतीवर धुराचा धरतो तसा.

मी नेत्रिका पुसली. दुसऱ्या रात्री डाग पुन्हा हजर, पुन्हा पुसली. तिसऱ्या रात्री, खुद्द यंत्रच सदोष असल्याची तक्रार दुकानदाराकडे रीतसर गुदरण्यापूर्वी एक साक्षीदार असावा म्हणून, मी सौभाग्यवतींना बाहेर बोलावले. त्या पुष्कळ वेळ नेत्रिकेला डोळा लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, मघाशी हा मधोमध होता, आता पार कडेला गेलाय. डाग कधी चालतो का?” या प्रश्नात सगळा उलगडा होता, परंतु सरकारी चाकरीत उत्तर न सुचल्यास प्रश्नच निकालात काढण्याची जी सवय जडते तिला अनुसरून मी, “तुला त्यातले कळत नाही,” असा शेरा मारला, नळीच्या बुडाचे स्क्रू सोडवून आरसा बाहेर काढला, आणि धुवट पंच्याने तो, पितळी ताट पुसावे तसा, गरगरा पुसला.

सकाळच्या उन्हात पाहतो तो आरशावर ओरखड्यांची वर्तुळेच वर्तुळे. त्यावरील ॲल्युमिनियमचा लेप केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही पातळ असतो, आणि पंच्यातील धुळीचा एक कण त्यास पुरेसा होतो.

पुढे मार्गशीर्षातील अमावास्येच्या सुमारास माण तालुक्यात सासुरवाडीस जाणे झाले, तेव्हा तेथील एका निवृत्त शिक्षकांस, ज्यांना आकाशदर्शनाचा जुना नाद होता, मी ही सर्व हकीकत कथन केली. ते प्रथम पोटभर हसले. “भाऊसाहेब,” ते म्हणाले, “पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड तुम्ही पंच्याने पुसत होता!”

त्यांनी जे सांगितले ते माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी येथे नमूद करतो. नेत्रिकेवर मळ आहे की काय अशी शंका आल्यास नेत्रिका जागच्या जागी फिरवावी: मळ असेल तर तो तिच्याबरोबर फिरेल, आणि दुर्बीण किंचित हलवल्यावर जे ताऱ्यांच्या संगतीने सरकते ते आकाशातले. आरशावरची धूळ तर दृश्यात डाग म्हणून कधी दिसतच नाही, कारण ती नाभीपासून फार दूर असते. ती प्रकाश किंचित मंदावते, एवढेच. तेव्हा वर्षानुवर्षे आरशाला हात लावू नये, आणि धुण्याची वेळ आलीच तर ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, न घासता, ओघळू द्यावे. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून यंत्र कोरड्या जागी ठेवावे.

मोठ्या पटीचा मोह का टाळावा, याचे कारण त्यांनी असे दिले की, आरशाने गोळा केलेला प्रकाश ठराविक असतो आणि पट दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. तारा बिंदुरूप असल्यामुळे ते सोसतो, पण दीर्घिका मुळातच पसरलेली, ती विरघळून जाते. शिवाय देवयानीतील दीर्घिकेचा विस्तार चंद्रबिंबाच्या सुमारे सहापट, आणि ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून चंद्राचाही जेमतेम तुकडाच दिसतो. २५ मिलिमीटरची नेत्रिका, ३६ पट, हीच खरी. शोधक दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी जुळवण्याचे काम दिवसाउजेडी, सूर्याच्या विरुद्ध दिशेच्या एखाद्या दूरच्या कळसावर उरकावे. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका झगझगाटात ती मोडते, म्हणून नकाशा पाहण्यास तांबडा, मिणमिणता दिवा. आणि वस्तूकडे थेट न पाहता जरा बाजूस पाहावे, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टीच्या ऐन मध्यबिंदूवर नसतात. चोरट्या नजरेचे एवढे शास्त्रीय समर्थन मी अन्यत्र ऐकलेले नाही.

देवयानीनंतर लगेच त्रिकोण तारकासमूहातील दीर्घिकेच्या नादी लागू नये. यादीत तिची प्रत चांगली दिसते, पण तिचा प्रकाश इतका विखुरलेला की गावातल्या परसातून हाती केवळ मनस्ताप येतो. त्यापेक्षा फाल्गुन-चैत्रात सप्तर्षींच्या परिसरातील एम ८१ आणि एम ८२ पाहाव्यात. आपल्याकडून त्या उत्तरेस फार उंच चढत नाहीत, तरी ३६ पटीत दोघी एकाच दृश्यात मावतात, एक लंबगोल आणि दुसरी विडीसारखी बारीक.

या क्रमांकांचा इतिहास ऐकून माझी शरम थोडी निवळली. शार्ल मेसिए हा फ्रेंच ज्योतिर्विद धूमकेतूंच्या शोधात असे, आणि धूमकेतूचा भास करून फसवणारे धूसर ठिपके वारंवार आडवे येत म्हणून त्याने त्यांची यादीच करून ठेवली. १७६४ साली देवयानीतील ढग त्या यादीत ३१ व्या क्रमांकावर दाखल झाला. म्हणजे ज्याच्या नावाने आपण दीर्घिका शोधतो त्यालाही त्या नकोच होत्या. त्याने पंचा मात्र काढला नाही.

त्या रात्री माणच्या माळावर, ओरखडे पडलेल्याच आरशातून, मी सौभाग्यवतींना पुन्हा पाहावयास लावले. परसात दिसलेला डाग तेथे दोन्ही बाजूंस लांबवर ओघळला होता, दृश्याच्या कडांबाहेर.

“हाच का तो?”

“हाच.”

“मग तेव्हा मी म्हटले ते?”

मी तिरकी नजर काळोखात वळवली. त्या पुन्हा नेत्रिकेवर वाकल्या, आणि माझी पाळी येण्यास त्या थंडीत बराच वेळ लागला.