घड्याळाचा मनोरा, हजार तुकडे आणि उतारवयातली नजर

तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याचा जिगसॉ नावाचा खेळ आता आपल्याकडेही दिसू लागला आहे. परगावी किंवा परदेशी असलेली मुले सुट्टीत येताना आईवडिलांसाठी असा खोका आणतात. त्यात लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याचे, रात्रीच्या दिव्यांतले चित्र हमखास असते. 'डॉक्टर, याने स्मरणशक्ती वाढते का हो?' असे बरेचजण विचारतात, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

खेळ जुना आहे. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशेवाल्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमेवर कापला. मुलांनी खेळता खेळता भूगोल शिकावा, हा हेतू. मनोरा त्यानंतरचा. त्यातले घड्याळ १८५९ साली सुरू झाले. उंची ९६ मीटर, चारही बाजूंना सुमारे सात मीटर व्यासाच्या तबकड्या, आणि रात्री त्या आतून उजळतात. आपण ज्याला सरसकट बिग बेन म्हणतो ते खरे तर आतल्या मोठ्या घंटेचे नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. मुंबईचा १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या चित्राची ओळख वेगळी करून द्यायला नको.

आता स्मरणशक्तीचे. तुकडा हातात घेऊन तो कोठे बसेल हे ठरवताना मेंदू बरीच कामे एकदम करतो. आकार ओळखणे, तो मनातल्या मनात फिरवून पाहणे, मघाशी पाहिलेला रंग लक्षात ठेवणे, चुकले तर दुसरी वाट धरणे. म्हणजे व्यायाम होतो हे खरे. पण २०१८ साली जर्मनीतल्या उल्म येथील संशोधकांनी पन्नाशीपुढच्या शंभर निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाने महिनाभर रोज तासभर हा खेळ खेळला. दुसऱ्या गटाच्या मानाने त्यांच्या बुद्धीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. आयुष्यभर असे खेळ खेळलेल्यांची कामगिरी मात्र चांगली आढळली. अर्थात ती खेळामुळे चांगली, की मुळात बुद्धी तल्लख म्हणून खेळाची आवड, हे सांगणे कठीण. तेव्हा महिन्याभरात विसराळूपणा जाईल या आशेने कोणी खोका विकत घेऊ नये. वेळ छान जातो, नातवंडे जवळ बसतात, टीव्ही तेवढा वेळ बंद राहतो. माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

मात्र हा खेळ घरच्यांना दुसरी एक गोष्ट दाखवून देतो आणि ती फार मोलाची आहे. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या. 'बाबा भलताच तुकडा भलत्या जागी दाबून बसवतात आणि चिडतात. त्यांचं डोकं काम करेनासं झालंय का?' मी विचारले, कोणते तुकडे चुकतात? तर आकाशाचे आणि नदीचे. उजळलेली तबकडी त्यांनी बिनचूक जुळवली होती. आणि खेळ चाले तो रात्री जेवणानंतर, एका मंद दिव्याखाली. सकाळी ओसरीवर हेच तुकडे त्यांना बरेचसे जमत होते! साठीच्या माणसाच्या डोळ्यांत आतल्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्यात भिंग पिवळसर झाले की गडद निळा आणि काळा यांतला भेद पुसट होतो. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. बुद्धी शाबूत होती. रात्री दिव्याभोवती वलय दिसणे, समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपणे अशा तक्रारी असतील, तर मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नये. तो समज जुना झाला.

उलट प्रकारही पाहिला. सत्तरीच्या एका आजींची दृष्टी चांगली, पण तबकडीचेच तुकडे जमेनात. आकडे कोणत्या क्रमाने येतात हेच सुचेना. मी त्यांना कोऱ्या कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. ही जगभर वापरली जाणारी साधी चाचणी आहे. सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले आणि काट्यांचा पत्ता नाही. एवढ्यावरून निदान होत नाही. ज्याला घड्याळाची, लेखणीची सवय नाही त्याला ही चाचणी लावूही नये. पण पुढचा तपास जरूर करावा. थायरॉइड कमी पडणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त ही कारणे सापडली तर उपाय असतो. या आजींच्या बाबतीत ती सापडली नाहीत. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांनी अल्झायमरची सुरुवात असल्याचे सांगितले. बरे करणारे औषध नाही. तरी वेळेवर कळल्याने बँकेचे व्यवहार त्यांच्या संमतीने मार्गी लागले आणि गॅसपाशी त्यांना एकटे सोडणे थांबले. आजी अजूनही तुकडे जुळवतात, पण आता शंभर तुकड्यांचे सोपे चित्र घेऊन.

हा बदल हळूहळू येतो. कालपर्यंत जमणारे काम आज एकाएकी जमेना, सोबत तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजा. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सी. टी. स्कॅन लागतो, म्हणून थेट मोठे रुग्णालय गाठा.

बाकी खेळायचे तर दिवसा, खिडकीशी, जवळचा चष्मा लावून. जमिनीवर मान खाली घालून तासन् तास बसू नये. टेबलावर पाट तिरका ठेवला तर मानेला बरे पडते. अर्ध्या तासाने उठून अंगणात फेरी मारावी. आणि घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर खेळ संपल्यावर तुकडे उचलून उंच फळीवर ठेवा, खाटेखाली एखादा राहिला नाही ना तेही पाहा. शेंगदाण्यासारखाच हा तुकडाही श्वासनलिकेत अडकू शकतो.