वाढणारे घर : चार्ल्स कोरिया यांच्या कामाचा एक अभ्यास

वास्तुशिल्पी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंताचा बंगला उभा राहतो. आपल्या वऱ्हाडात घर बांधायचे म्हणजे गवंडी, सुतार आणि गाठीचा पैसा. यात वास्तुशिल्प्याचे काय काम, असे बहुतेकांना वाटते. हा समज कितपत खरा, हे तपासण्यासाठी चार्ल्स कोरिया यांचे काम उपयोगी पडते.

कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेत झाला आणि २०१५ साली ते मुंबईत वारले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कचेरी सुरू केली. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे तिचे सुरुवातीचे मोठे काम. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. विटांचे खांब, कौलारू छपरे, मध्ये उघडे चौक, आणि खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. महात्म्याच्या स्मारकाला संगमरवर लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु वऱ्हाडी माणसाला त्यांचे दुसरे एक घर अधिक जवळचे वाटेल. १९६१-६२ च्या सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी त्यांनी एक अरुंद, लांबट घर आखले. त्याला 'ट्यूब हाउस' म्हणतात. रुंदी जेमतेम १२ फूट, लांबी ६० फुटांच्या आसपास. छपराला आतून उतार दिलेला. तापलेली हवा त्या उताराने वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा आत येते. पंखाही न लावता वारा खेळता राहतो! अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सिमेंटच्या स्लॅबखाली कूलर लावूनही जीव घाबरा होतो. जुन्या धाब्याच्या घराने मातीच्या जाड थराने जे साधले होते, ते येथे हवेच्या वाटेने साधले आहे. अहमदाबादेतील ते नमुन्याचे घर आज उभे नाही, ही खेदाची गोष्ट.

१९६४ मध्ये कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी मुंबईची वाढ खाडीपलीकडे न्यावी, असा आराखडा सुचविला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. नव्या मुंबईचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. नकाशावर जी जागा मोकळी दिसत होती, ती ९५ गावांची भातशेती, मिठागरे आणि गावठाणे होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. नगररचनेच्या अभ्यासात हा धडाही यायला हवा, असे मला वाटते.

त्याच सुमारास, १९८३ ते १९८६ या काळात, बेलापूरची वसाहत उभी राहिली. सुमारे ५.४ हेक्टर, म्हणजे तेरा-साडेतेरा एकरांत ५५० कुटुंबे. एवढ्या लोकांसाठी उंच इमारतीच हव्यात, असे कुणीही म्हणेल. कोरियांनी जमिनीलगतचीच घरे आखली. सात घरे मिळून ८ मीटर चौरसाचे एक अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण. पुन्हा तसे तीन मिळून त्याहून मोठे पटांगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या जागेत दुपटीचाही फरक नाही.

प्रत्येक घर सुटे आहे, भिंती सामाईक नाहीत. नळाचा खर्च वाचावा म्हणून फक्त दोन घरांची संडास-न्हाणी पाठीला पाठ लावून आहे. माझे वडील गवंडीकाम करतात. त्यांना मी हा नकाशा समजावून सांगितला, तेव्हा "इटा वाया गेल्या" असे ते प्रथम म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण भित दोघायची असली का कज्जा आलाच समज." कोरियांचाही विचार जवळजवळ हाच होता. आज एक खोली, पोरगा कमावता झाला की दुसरी, पुढे वर माळा. शेजाऱ्याला न विचारता घर वाढविता आले पाहिजे, आणि ते गावच्या गवंड्याला बांधता आले पाहिजे.

पुढे तेथील पुष्कळ घरे पाडून लोकांनी मोठी पक्की घरे बांधली. मूळ रूप गेले म्हणून काही अभ्यासक हळहळतात. मला ते तितकेसे पटत नाही. घर वाढावे म्हणूनच तर ते तसे आखले होते. पैसेवाले आले आणि कमी मिळकतीच्या लोकांना तेथे घर घेणे अवघड झाले, हा आक्षेप अधिक खरा आहे, आणि त्याचे उत्तर नकाशात सापडणार नाही.

तरीही अंगणे टिकली आहेत. अमरावतीच्या परकोटाबाहेर काय, अकोल्याच्या कडेला काय, शेतात ले-आउट पडतात तेव्हा नियमाप्रमाणे 'ओपन स्पेस' सोडलेली असते, पण बहुधा एका कोपऱ्यात, कुणाच्याच दारासमोर नाही. तेथे गाजरगवत माजते. बेलापुरात तीच मोकळी जागा सात दारांच्या मध्ये आहे. पोर पडले तर सात घरांतून कुणीतरी धावते.